मुंग्या थांबल्या तेव्हा

हे लिहायला बसले आहे ती उजवा पाय स्टुलावर ठेवून. पाय म्हणजे जेवढा उरला आहे तेवढा. पुढचा अर्धा, पाचही बोटांसकट, गेल्या वर्षी कापावा लागला. ज्यांना असलं वाचवत नाही त्यांनी इथंच थांबावं, मी रागावणार नाही. पण तुम्हाला स्वतःला किंवा घरात कोणाला शुगर असेल तर थांबू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग आपले तळपाय उलटे करून उजेडात बघा. एवढ्यासाठीच हा खटाटोप. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. शुद्धलेखनाच्या चुका सूनबाईने काढल्या आहेत. स्वभावाच्या चुका तशाच राहू दिल्या आहेत.

शेत बसलं, मग मी बसले

माझं नाव प्रमिला. वसईच्या खाडीकाठचं आमचं गाव. लग्न होऊन आले त्या वर्षी सासू मला पहिल्यांदा शेतावर घेऊन गेली. बांधावर पोचलो तशी म्हणाली, "चप्पल काढ. शेतात चप्पल घालून जायचं नाय. ती आपली अन्नपूर्णा हाय." मी चप्पल काढली. तेव्हापासून आमच्या बांधावर माझ्या पायात कधी चप्पल नव्हती. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, सगळं उघड्या पायांनी. चिखलात पोटऱ्यांपर्यंत बुडलेल्या पायाला चप्पल कसली घालणार म्हणा. पण ती नुसती सोयीची गोष्ट नव्हती, तो मान होता.

मग आजूबाजूच्या शेतांत मातीची भरणी पडली, टॉवर उभे राहिले. पूर्वी पाणी खाडीकडे निघून जायचं, ते आमच्या शेतात येऊन बसायला लागलं. दोन-तीन वर्षं लावलेलं भात कुजलं आणि आम्ही हात टेकले. वरच्या अंगाचा एक पट्टा तेवढा कोरडा राहायचा. तिथे आमचे हे, म्हणजे माझे यजमान, माठ-मुळा-वाल लावत राहिले. मी मात्र घरी बसले, आणि बसले म्हणजे अगदी बसलेच. मुलगा नितेश कामाला जायचा, सून रुपाली घरातलं सगळं बघायची. मी टीव्हीसमोर.

राबणं गेलं, पण जेवण शेतावरचंच राहिलं. सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात, वर भाकरी. आमच्या घरी कमी जेवणारा माणूस आजारी समजला जातो. अंग सुटलं तर सगळे म्हणायचे, आता कुठे काकी सुखात दिसते.

मग तळपायांची आग सुरू झाली. झोपताना ओलं फडकं गुंडाळून पडायचे. पायांना मुंग्या यायच्या, पोटरीपर्यंत चढायच्या. त्यातच एकदा तोंड कोरडं पडून भोवळ आली आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर एवढी होती की त्यांनी कागद दोनदा वाचला. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "भात कमी करा आणि चाला. रोज चाला. तुमच्यासारख्या कामाच्या बाईला ते जड नाही."

घरी सांगितल्यावर हे हसले. "शेतात चालायची तवा फुकट चालत होतीस. आता डॉक्टरला पैसे देऊन चालनार."

ग्रुप

चालायचं, पण कुठे? हा प्रश्न आमच्याकडे खरोखरीचा आहे. रस्त्याला फूटपाथ नाही, जिथे आहे तिथे गाड्या लावलेल्या. पहाटे भरणीचे डंपर. पहिल्याच आठवड्यात एका रिक्षाचा आरसा माझ्या कोपराला लागला. बागेला ठरावीक वेळ सोडून कुलूप. सरकार म्हणतं चाला, डॉक्टर म्हणतात चाला. चालायची जमीन मात्र आमच्या डोळ्यांदेखत भरणीखाली गेली.

टॉवरमधल्या काही बायका आमच्या गावच्या बांधावरून चालायला यायच्या. त्यांतल्या सावंतबाई मूळच्या कोकणातल्या, बँकेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांनाही शुगर. त्यांनीच मला ओढलं. "काकी, तुम्ही पुढे व्हा, वाट तुम्हाला माहीत." मी पुढे झाले. रविवारी आम्ही रिक्षा करून राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचो आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालायचो.

खरं सांगते, ते दिवस चांगले होते. मी चालायची म्हणजे काय चालायची. या शहरातल्या बायका धापा टाकत मागे आणि मी पदर खोचून पुढे. शुगर उतरत गेली. तीन महिन्यांचा सरासरीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी समोरच्या दोन पेशंटांना माझं उदाहरण दिलं. घरी येऊन मी ते रुपालीला सांगितलं, मग शेजारी सांगितलं, मग नणंदेला फोन करून सांगितलं.

बांधावर मी सवयीने चप्पल काढायची. वाळूवर तर काढणारच. बाकीच्या सगळ्या बुटांत. सावंतबाईंना आमच्या उघड्या पायांचं फार कौतुक. त्या म्हणायच्या, मातीला पाय लागले की बरं वाटतं, आणि त्याही बूट हातात घेऊन माझ्या मागून चालायच्या.

राजोडीला खडकांच्या बाजूला कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारदार कपच्यांचा पट्टा आहे. तिथून सगळ्या वळसा घालून जायच्या, मी सरळ जायची. "काकी, तुम्हाला लागत नाही?" कोणीतरी विचारायचं. मी म्हणायची, "हे शेतातले पाय आहेत बाई, दुकानातले नाहीत." सगळ्या हसायच्या. मला बरं वाटायचं.

आणि अजून एक झालं होतं. मुंग्या थांबल्या होत्या. आग थांबली होती. ओलं फडकं गुंडाळणं बंद झालं. मी सगळ्यांना सांगत सुटले की वाळूने माझे पाय बरे केले. डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "छान." त्यांनी चप्पल काढा म्हटलं नाही आणि मीही पाय दाखवला नाही. बऱ्या झालेल्या गोष्टी कोण दाखवतं?

लादीवरचे ठसे

त्या रविवारी राजोडीहून आले आणि भाकऱ्या थापायला उभी राहिले. रुपाली आंघोळ करून बाहेर आली आणि दारातच थांबली. स्वयंपाकघराच्या पांढऱ्या लादीवर रक्ताचे ठसे होते. दारापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून फ्रिजपर्यंत.

"कोणाला लागलं गं?" मीच विचारलं. "नितेश, काय कापून घेतलंस?"

नितेश बाहेरून म्हणाला, त्याला काही झालेलं नाही. रुपाली ठशांकडे बघत बघत माझ्यापर्यंत आली. "आई, तुम्ही हलू नका." मी पाय उचलला. अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या मांसल भागात कालवाची कपची रुतली होती. हळकुंडाएवढी. रिक्षातून मी तशीच आले होते, जिना तशीच चढले होते, पाय आपटत आपटत पीठ मळलं होतं.

आम्ही सगळे हसलो. हेही हसले. "पाय हाय की फळी?" म्हणाले. मी कपची उपटून काढली, हळद भरली, फडकं बांधलं. रुपाली म्हणाली डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, कपचीसाठी डॉक्टर? लावणीच्या दिवसांत याहून मोठं काय काय रुतलेलं मी दातांनी काढलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला गेले. चाललं की रक्त फिरतं आणि जखम लवकर भरते, असा माझा हिशोब. दुखत नव्हतंच, मग घरी कशाला बसायचं?

पुढे काही दिवसांनी घरात वास यायला लागला. रुपालीला वाटलं उंदीर मेला. तिने कपाट सरकवलं, पेटीमागे बघितलं, गादीखाली बघितलं. मीही तिच्याबरोबर शोधत होते. पुढच्या खोलीत गेलो तर तिथे वास. आत आलो तर आत. मला आठवतं, मी फ्रिजच्या मागे वाकून बघत होते आणि रुपाली शोधायची थांबली. ती नुसती उभी होती. मग खूप हळू म्हणाली, "आई, खाली बसा. पाय दाखवा."

फडकं सोडल्यावर तिने पदर नाकाला लावला नाही. त्या मुलीचे माझ्यावर जे काय उपकार आहेत, त्यांतला हा पहिला. अंगठा काळा पडला होता आणि शेजारचं बोट जांभळं. मी बघत होते आणि मला वाटत होतं, हा दुसऱ्या कोणाचा तरी पाय आहे. कारण तो मला अजिबात दुखत नव्हता.

"सुरू करा ना"

हॉस्पिटलमध्ये पायाच्या डॉक्टरांनी जखम बघितली, मग दुसरा, चांगला पाय मागितला. हातात काडीला लावलेला नायलॉनचा जाड दोरा होता. मासे धरायच्या तंगुशीसारखा. खोलीत मी, आमचे हे आणि रुपाली. डॉक्टर म्हणाले, "डोळे मिटा. मी हा दोरा पायाला लावणार. लागला की 'लागलं' म्हणा. एवढंच."

मी डोळे मिटले. पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कोणाचं तरी नाव पुकारत होते. मी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने मला वाटलं, डॉक्टर फोनवर काही बघत असतील.

"डॉक्टर," मी म्हटलं, "सुरू करा ना."

मी डोळे उघडले. रुपालीने तोंडावर हात धरला होता. डॉक्टर दोरा टेबलावर ठेवत होते. "झालं, आई," ते म्हणाले. "दोन्ही पायांना सगळीकडे लावून झालं."

मला समजलं ते असं की मी आयुष्यभर ज्या पायांवर उभी आहे ते पाय मला सोडून गेलेत, आणि जाताना त्यांनी सांगितलंही नाही. मुंग्या थांबल्या त्या पाय बरे झाले म्हणून नव्हे. मुंग्या म्हणजे नसांची ओरड होती. नसा मेल्या, ओरडायला कोणी उरलं नाही. डॉक्टरांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं, मी माझ्या शब्दांत लिहिते आहे.

मी ह्यांच्याकडे बघायला वळले तर हे खोलीत नव्हते. रुपाली म्हणाली, "पानी आनायला गेले." ती तुळिंजला, शहरी वस्तीत वाढलेली मुलगी. घाबरली की मात्र आमच्यासारखं बोलते. हे बाटली घेऊन खूप उशिराने आले. बाटली भरलेलीच नव्हती.

वॉर्ड

आधी अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. वाटलं, सुटलो. मग काळं वर सरकलं. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पुढचा अर्धा पाय गेला. त्यानंतर रोज सकाळी एकच प्रश्न असायचा, काळं थांबलं की नाही? नाही थांबलं तर गुडघ्याखालून कापायचं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पट्टी सोडली की रुपाली, नितेश आणि मी, तिघंही जखमेकडे बघायचो नाही. आम्ही डॉक्टरांचं तोंड बघायचो.

ड्रेसिंगच्या वेळी वॉर्डात आरडाओरडा चालायचा. एक धट्टाकट्टा रिक्षावाला आईला हाका मारायचा. माझी पाळी आली की शांतता. सिस्टर जखमेत चिमटा घालायच्या आणि मी खिडकीबाहेर कावळे बघायची. नवीन सिस्टरने एकदा म्हटलंसुद्धा, "किती सोसता हो तुम्ही." मला रडू आलं. मी सोसत नव्हते, तिथे सोसायला काहीच नव्हतं. त्या रिक्षावाल्याचा मला हेवा वाटायचा. मी देवाकडे पाय वाचव असं मागायचे नाही, म्हणायचे, एकदा दुखू दे. एकदा तरी कळू दे की तिथे कोणी आहे.

शेजारच्या खाटेवर पापडी गावच्या एक ख्रिस्ती मावशी होत्या. त्यांचा पाय मांडीपासून गेलेला. संध्याकाळी रोझरी म्हणायच्या आणि रोझरी संपली की शिव्या द्यायच्या, सुनेला, डॉक्टरांना, जेवणाच्या डब्याला. माझ्यावर त्यांचा जीव बसला. एकदा रात्रीच्या जेवणानंतर मी गुडघ्याखालून कापण्याचा विचार करून रडत होते. त्या म्हणाल्या, "रडतेस कशाला? तुझा माझ्यापेक्षा लांब आहे." मी रडता रडता हसले. मग त्या म्हणाल्या, "आता झोप. मी तुझ्यासाठी पण म्हटलंय." दुसऱ्या दिवशी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं आणि त्या परत खाली आल्या नाहीत. सिस्टरने त्यांच्या खाटेवरची चादर घडी करून नेली.

भेटायला येणाऱ्यांनी मला जास्त मारलं. गावातले, नात्यातले, सगळे येऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे आणि आपसांत बोलायचे. "चालायला गेली नि पाय घालवून बसली." "या वयात कशाला ही थेरं?" "घरी बसली असती तर सुखी राहिली असती." नितेशही एकदा भडकला. दिवसभर कामावर उभा राहून आला होता, बिलांच्या रांगेतून आला होता. "आई, तुला कोणी सांगितलं होतं त्या बायकांच्या मागे लागायला?" रुपालीने त्याला बाहेर नेलं. तो रडत होता हे तिने मला नंतर सांगितलं.

आणि हे. हे रोज यायचे. पेज घेऊन यायचे, उशी सारखी करायचे, केस विंचरून द्यायचे, जे त्यांनी लग्नानंतर कधी केलं नव्हतं. पण पायाकडे एकदाही बघितलं नाही. ड्रेसिंगची गाडी वाजली की उठून जिन्यात जाऊन बसायचे. मला त्याचा फार राग यायचा. वाटायचं, बायकोचा पाय किळसवाणा झाला तर नवऱ्याला एवढं जड जावं?

काळं थांबलं. एका सकाळी डॉक्टरांनी पट्टी उचलली, वाकून बघितलं आणि रुपालीकडे बघून मान हलवली. तिने माझं डोकं पोटाशी धरलं. गुडघा वाचला.

घर

हॉस्पिटल सोडलं म्हणजे संपलं असं जे समजतात त्यांच्यासाठी हे थोडं.

अर्ध्या पायाने चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला पुढे पडणं आणि स्वतःला धरणं. जिना मी बसून उतरते. मांडी घालून जेवता येत नाही. बांधावर जाता येत नाही. मऊ रबराची चप्पल आता घरातसुद्धा पायात असते. पहिल्यांदा ती घालून देवघरासमोर उभी राहिले तेव्हा सासूचा फोटो भिंतीवर होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

एक मजा सांगते, हसलात तरी चालेल. जी बोटं असताना मला कळत नव्हती, ती गेल्यावर खाजायला लागली. मी हात लावायला जाते आणि तिथे हवा असते. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मी म्हटलं, आता कशाला आठवण काढता रे?

रुपाली रोज जखम धुवायची. मी तिला एकदा म्हटलं, तुझ्या आईने तुला यासाठी दिलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, तुम्ही गप्प बसा आणि तळवा वर करा." घरात आमच्या दोघींमध्ये पूर्वी मिठावरून भांडणं व्हायची. आता ती जखमेच्या कडांवरून माझ्याशी चर्चा करते.

सावंतबाई भेटायला आल्या त्या मी घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी, आणि पडवीतच टेकल्या. त्यांचा चेहरा सुजलेला दिसला. मी विचारलं, "ग्रुप कसा आहे?" त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. "ग्रुप कुठला काकी. तुमचं झाल्यावर सगळ्यांनी बंद केलं. भीतीच बसली. कोणाचं वजन वाढलं, कोणाची शुगर. माझी तर पुन्हा वर गेली. घरचेही म्हणतात, नको ते चालणं."

तेव्हा मला असा राग आला की मी स्टुलावरचा पाय खाली ठेवला. "बाई, माझा पाय चालण्याने गेला नाही. चालण्याने माझी शुगर उतरली होती, तुम्ही रिपोर्ट बघितला होता. पाय गेला तो उघडा होता म्हणून. मला कळत नव्हतं म्हणून. आणि कळत नाही याची मी फुशारकी मारली म्हणून. घरी बसलात तर वाचाल, असं तुम्हाला कोण सांगतं? मी घरीच बसले होते, तिथूनच हे सुरू झालं."

मग मी म्हटलं, "बूट काढा."

तंगूस

आमच्या पडवीत खुंटीला तंगुशीचं भेंडोळं लटकलेलं असतं. हे कधी कधी खाडीवर गळ टाकायला जातात. त्यातला जाडसा तुकडा मी कापून घेतला. नंतर डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, यावर पक्कं काही ठरवू नका, पण कोणाला लागत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. मला तेवढंच हवं होतं.

सावंतबाईंना लागत होतं. दोन्ही पायांना, सगळीकडे. त्या दर वेळेला "लागलं" म्हणायच्या आणि मला हुंदका यायचा. त्या माझ्या मागून त्याच वाळूवर उघड्या पायांनी चालल्या होत्या. घरी जाताना त्यांनी मला कबूल केलं, उद्यापासून, बूट घालून.

आता मी सकाळी बागेच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसते. नितेश सोडतो, रुपाली न्यायला येते. बायका चालून आल्या की समोरच्या कट्ट्यावर बसतात, मोजे काढतात, डोळे मिटतात. सुरुवातीला हसायच्या. एक दिवस एका बाईने डोळे मिटून बराच वेळ काहीच म्हटलं नाही, आणि मग तिला कळलं की सगळ्या गप्प झाल्या आहेत. त्यानंतर हसत नाहीत. ती बाई आता पायाच्या डॉक्टरांकडे जाते. तिची बोटं शाबूत आहेत. बागेचं कुलूप लवकर उघडावं म्हणून आम्ही पालिकेत जाऊन आलो, अजून काही झालेलं नाही, पुन्हा जाऊ.

राहता राहिले आमचे हे.

ह्यांनी कधी रक्त तपासलं नाही. विषय काढला की म्हणायचे, "मला काय झालंय? मी रोज शेतात जातो." उघड्या पायांनीच. मी हात जोडले, रुपालीने बूट आणून दिले, ते बूट पेटीवर खोक्यातच राहिले. तपासायचं म्हटलं की काम निघायचं. वालाला पाणी द्यायचं असायचं, कुंपण बघायचं असायचं.

परवा दुपारी हे जेवून पडवीत बसले होते. मी खुर्ची ओढून समोर बसले, वाट अडवून. म्हटलं, "सगळ्या गावाचे पाय बघते. घरचेच राहिलेत. लोक हसतात मला."

"कशाला उगाच."

"पाय वर घ्या."

का कोण जाणे, त्या दिवशी त्यांनी ऐकलं. पाय उचलून स्टुलावर ठेवले, माझ्या अर्ध्या पायाच्या शेजारी. पाय ठेवताना पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. टाचांना भेगा, नखांत माती. एवढ्या वर्षांत मी हे पाय इतक्या जवळून बघितले नव्हते.

"डोळे मिटा," मी म्हटलं. "लागलं की 'लागलं' म्हणायचं."

"म्हाईत हाय मला. बघितलंय मी हॉस्पिटलात."

त्यांनी डोळे मिटले. भिंतीला डोकं टेकवलं, हात मांडीवर घट्ट धरले. मी तंगुशीचा तुकडा सरळ करत होते. भेंडोळ्यातला असल्याने तो वळून वळून येत होता.

"लागलं," हे म्हणाले.

माझे हात माझ्याच मांडीवर होते.

"लागलं," पुन्हा म्हणाले, जरा थांबून, जसा दोरा थांबत थांबत लावतात तसे. "हितं बी लागलं. सगळीकडं लागतंय. बघ, काय नाय झालेलं मला."

हॉस्पिटलातली ती रिकामी बाटली मला आठवली. जिन्यात जाऊन बसणं आठवलं. मी किळस समजत होते.

"अहो," मी म्हटलं, "डोळे उघडा. मी अजून सुरू केलेलं नाही."

ह्यांनी डोळे उघडले नाहीत.